कोपीतली ऊब

मार्गशीर्ष अमावास्येला लातूर शहर ओस पडते. येळवस साजरी करण्यासाठी जो तो शेताकडे निघतो. कडब्याची कोप उभी राहते, तीत पांडवांची पूजा होते आणि भज्जी, आंबील, उंडे यांच्या पंगती बसतात. बाजारपेठेतील व्यापारी कुटुंबेही त्या दिवशी कोणा ना कोणा शेतकऱ्याच्या निमंत्रणावरून शिवारात असतात. संध्याकाळी सारे घरी परततात. त्याच दिवसांत, कदाचित पलीकडच्याच बांधाशी, उसाच्या फडाजवळ दुसऱ्या कोप्या उभ्या असतात. तेथून कोणी घरी परतत नाही, कारण हंगाम संपेपर्यंत तेच घर असते.

पाश्चात्त्य देशांत मोटारहोम नावाचे चाकांवरचे घर घेऊन हिंडणारी हौशी मंडळी आहेत. मराठवाड्यातील चाकांवरचा संसार हौसेचा नाही. दिवाळी सरली की कंधार, लोहा, मुखेड, जळकोट, अहमदपूर या डोंगराळ तालुक्यांतून बैलगाड्या, ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. त्यांत धान्याची पोती, भांडी, वाकळा, कोंबड्या आणि लेकरे असतात. नवराबायकोच्या जोडीला या धंद्याच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल ऊस तोडून फेडायची असते. आजारपणाने खाडा पडला की तो उचलीच्या हिशेबात उतरतो. म्हणून थंडीने जडावलेले अंग हा या कुटुंबासाठी केवळ तब्येतीचा विषय नाही. तो थेट खतावणीतला विषय आहे.

पौषात नांदेड-लातूरकडे रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली येते. शहरातील पक्क्या घरात हा आकडा एका रजईने निभतो. फडात तसे नसते. पाणी दिलेली ओली काळी जमीन, निरभ्र आकाश, मोकळा वारा आणि पहाटेचे दव यांमुळे तोच आकडा अंगाला कितीतरी अधिक बोचतो. त्यातच तोडणी भल्या पहाटे सुरू होते. दवाने भिजलेल्या पाचटात शिरले की घटकाभरात लुगडे आणि सदरा ओले होतात, आणि ओले कापड अंगातली ऊब झपाट्याने काढून घेते.

थंडी वरून येते, असा आपला समज असतो, म्हणून आपण पांघरुणाचाच विचार करतो. प्रत्यक्षात निजलेल्या माणसाची बरीच ऊब खाली, जमिनीत जाते. अंगाखालची वाकळ वजनाने दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि तिचा उपयोग फारसा उरत नाही. आडत बाजारातील कोणत्याही दुकानदाराला हे वेगळ्या तऱ्हेने ठाऊक आहे. तुरीची किंवा सोयाबीनची पोती कोणी उघड्या फरशीवर रचत नाही. खाली लाकडी चौकटी किंवा फळ्या घालतो, नाहीतर तळची थप्पी ओल धरते. तारण मालाची तपासणी करायला आलेला बँकेचा अधिकारीही आधी तेच पाहतो. पोत्याला जे मिळते, ते कोपीतल्या दोन वर्षांच्या मुलाला मिळत नाही.

पूर्वीची कोपी वाकवलेल्या काठ्या, बांबूच्या तट्ट्या आणि पाचट यांची असे. तिच्यातून वारा शिरे, पण धूर आणि दमटपणाही बाहेर पडे. आता तिच्यावर प्लास्टिकची ताडपत्री येते. वारा आणि पाऊस थांबतो, हा मोठाच फायदा आहे. मात्र चारही बाजूंनी बंद केलेल्या कोपीत श्वासाची वाफ ताडपत्रीला लागून थेंब होते आणि पांघरुणावर ठिबकते. किल्लारीच्या भूकंपानंतर १९९३ च्या हिवाळ्यात पत्र्याच्या निवाऱ्यात राहिलेल्यांना या थेंबांविषयी वेगळे सांगायला नको. दाराची एक कड आणि वरची फट उघडी ठेवणे हाच त्यावर उपाय आहे. थोडा गारवा येतो, पण अंथरूण कोरडे राहते, आणि कोरड्या अंथरुणात थंडी कमी वाजते.

खरा धोका विस्तवाचा. बाहेरची शेकोटी विझत आली की घमेल्यात निखारे घेऊन ते कोपीत ठेवण्याचा मोह होतो, विशेषतः अंगावर पिणारे मूल असले तर. पाचट वाळलेले असते. एक ठिणगी पुरते. ठिणगी उडाली नाही तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बिलगतो, आणि झोपलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. महागड्या मोटारहोममध्ये याच वायूची सूचना देणारी घंटा बसवतात. कोपीत घंटा नाही, म्हणून निखारा उंबऱ्याच्या आत येऊ न देणे एवढाच नियम पाळता येतो.

आपल्याकडे हिवाळ्यात ब्लँकेट वाटप होते. हेतू उत्तमच आहे. पण वाटप बहुधा रेल्वे स्थानक आणि रुग्णालय यांच्या आसपास होते, फडापर्यंत कमी जाते. शिवाय स्वस्त ब्लँकेट कृत्रिम धाग्याचे असते. चुलीशेजारी ते पेट घेते, वितळते आणि कातडीला चिकटते. संख्या घटली तरी चालेल, पण लोकरीची घोंगडी द्यावी. लोकर सहजी पेट घेत नाही आणि दमट झाली तरी ऊब धरते. चिंचोक्यांची खळ दिलेली घोंगडी टोचते खरी, पण ती अंथरायलाही चालते.

व्यापाऱ्याजवळ आणखी एक वस्तू असते, तिची किंमत त्याच्या लक्षात येत नाही. ती म्हणजे जुने बारदान. जमिनीवर ताडपत्री, तिच्यावर वीतभर कोरडे पाचट, त्यावर दुहेरी बारदान आणि मग वाकळ, एवढे झाले तर खालची थंडी पुष्कळ अडते. बारदान धान्याचेच असावे. खताचे किंवा कीटकनाशकाचे नसावे. ते झटकून, दोन दिवस कडक उन्हात वाळवून द्यावे आणि फडावर गेल्यावर रोज दुपारी गाडीच्या जुवावर वाळत घालायला सांगावे. एका कोयत्यामागे सहा पोती पुरतात. मात्र ती टोळ्या उतरतात त्याच आठवड्यात पोचली पाहिजेत. संक्रांतीला पोचली, तर निम्मा हिवाळा जमिनीवर काढून झालेला असतो.