ओल्या पुळणीचा रंग

घाटमाथ्यावरचा चित्रकार समुद्र रंगवायला उतरला की आधी निळ्या रंगाची ट्यूब उघडतो. आमच्या बेळगावच्या प्रदर्शनांतली निम्मी कोकणचित्रं त्या निळ्यातच बुडालेली असतात आणि कडेला एक वाकडा माड ठरलेला. मला विचाराल तर वेंगुर्ल्याच्या चित्रात समुद्राला दोन बोटं जागा पुरते. बाकीचा कागद ओहोटीनंतरच्या ओल्या पुळणीला द्यावा.

ही पुळण म्हणजे सगळा वेळेचा मामला. खालच्या अर्ध्या कागदावर आकाशाचाच रंग जरा मळवून एका दमात पसरायचा. वॉश चमकतोय तोवर हात लावायचा नाही. चमक उतरून कागद नुसता ओलसर दिसू लागला की होडीच्या बुडाखाली दाट बर्न्ट सिएना उभा सोडायचा. घाई केली तर तो पसरून जातो. उशीर झाला तर कडा धरतो आणि प्रतिबिंब वाळूवर टाकलेल्या फळीसारखं दिसतं.

ती वेळ गावागावाला वेगळी. निपाणीत मार्चच्या दुपारी तंबाखूच्या वखारी रंगवायला बसलं की ब्रश पुन्हा बुडवेपर्यंत वॉश वाळलेला. तिथे पाण्यात ग्लिसरीनचा थेंब टाकावा लागतो. आंबोली उतरलं की तोच कागद वाळायचं नाव घेत नाही. तिथे मी दोन कागद शेजारी ठेवून आळीपाळीने काम करतो.

नॉर्मंडीच्या यूजीन बूदाँला (१८२४–१८९८) ही हवेची भानगड पुरती ठाऊक होती. ओंफ्लरच्या खलाशाचा हा मुलगा. कोवळ्या क्लोद मोनेला उघड्यावर रंगवायची गोडी त्यानेच लावली. समुद्र-आकाशाच्या अभ्यासचित्रांवर तो तारीख, वेळ, वारा टिपून ठेवी. कवी बोदलेअरने १८५९ मध्ये त्याबद्दल कौतुकाने लिहिलं. ती चित्रं पेस्टलची, पण सवय जलरंगवाल्याच्या जास्त कामाची. त्रूव्हीलच्या किनाऱ्यावरच्या घेरदार झग्यांतल्या बायका मात्र त्याने जलरंगात चार ठिपक्यांत उभ्या केल्या.

आम्हाला ते जड जातं. बेळगावची वास्तवदर्शी शिस्त के. बी. कुलकर्णींच्या चित्रमंदिरातली, रवी परांजपे तिथलेच विद्यार्थी. त्यामुळे माणूस दिसला की आमची पेन्सिल आधी त्याचे सांधे बांधू लागते. रापणीचं जाळं ओढणाऱ्यांपुरता तो मोह आवरा. त्यांचे नाक-डोळे काढत बसलात की तोवर पुळण वाळली.

मे महिन्यात घाट उतरणार असाल तर प्रत्येक चित्रामागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहा. पेन्सिलीनेच, शाई ओल्या कागदातून पुढे उतरते.