चव नोंदवही

१ जुलै २०२४, सोमवार

विदर्भातल्या शाळा आज उघडल्या. पटावर ४३, हजर ३६. पहिल्याच दिवशी मसालेभात. पोरांना वाढायच्या अर्धा तास आधी एका शिक्षकाने जेवण चाखायचं आणि चव नोंदवहीत सही करायची, असा नियम आहे. आमच्या दोन शिक्षकी शाळेत हे काम नऊ वर्षांपासून माझ्याकडे आहे. नेहमीप्रमाणे गंजाच्या कडेचा, फोड नसलेला भात चमच्यावर घेतला, 'चव चांगली' लिहिलं आणि सही ठोकली.

पंगतीत तिसरीतला एक पोरगा वांग्याच्या फोडी वेचून ताटाच्या काठावर ओळीने लावत होता. मी म्हटलं, "वांगं काढून ठेवायचं नाही, खायचं."

त्याने शांतपणे वर पाहिलं. "तुमी बी त काढून ठेवता, सर."

दारात उभ्या स्वयंपाकाच्या ताईंनी पदर तोंडाला लावला. मी हजेरी घ्यायला वर्गात गेलो. हजेरी सकाळीच झाली होती.

४ जुलै, गुरुवार

आज खरं लिहायचं ठरवलं. वय ४१. मी खातो ते असं: भात, वरण, आलू, चून (म्हणजे पिठलं), कांदा, अंडं, पापड. संपलं. धानाच्या जिल्ह्यात माणूस भातावर जन्म काढू शकतो, आणि मी जवळजवळ काढलाच. लग्नात आलू-वांग्याच्या भाजीतले आलू वेचायचे, दाळभाजीचा द्रोण शेजाऱ्याकडे सरकवायचा. घरी आई माझ्यापुरतं वेगळं चून टाकायची. लहानपणी याला 'नखरे' म्हणत. मोठेपणी मीच त्याला नावं दिली: पोट नाजूक आहे, आज उपवास आहे, आत्ताच खाऊन आलो.

नीट विचार केला तर चवीशी माझं भांडण कमीच आहे. भांडण स्पर्शाशी आहे. शिजलेल्या वांग्याची साल दाताखाली सरकते, भेंडीचा तार ओठाला लागतो, कोहळं जिभेवर विरघळल्यासारखं होतं. ती भीती पाचव्या वर्षी बसली आणि पुढे कुणी उठवली नाही.

ही, म्हणजे बायको, आरोग्यसेविका. जूनमध्ये तिची बदली गोंदिया जिल्ह्यात झाली, आता शनिवारी संध्याकाळी येते. जाताना म्हणाली, "चून आणि आलू तुम्हाला येतं. बाकीचं तुमचं तुम्ही बघा." पोरामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, हा हिशोब मी रोज लिहितो. आमच्या पूर्ण पटाची भाजी २ किलो १५० ग्रॅम होते. माझ्या स्वतःच्या वाट्याचे ५० ग्रॅम कुठल्याच वहीत नाहीत.

७ जुलै, रविवार

आठवडी बाजार. चुलबंदच्या काठची वांगी, भेंडी, कारली, दोडके पोत्यांवर मांडलेले. इतकी वर्षं या बाजारातून मी फक्त आलू-कांदे घेऊन बाहेर पडलो. आज एका म्हातारीपुढे बसलो आणि भेंडी उचलली. ती म्हणाली, "टोक मोडून पाय ना बापा. कडकन मोडली त कवरी, वाकली त जून." दहा-बारा मोडल्या. तिने हात धरला, "पायाले सांगतली, सारी मोडाले नाई."

घरी चिरली, मग स्वच्छ असावी म्हणून धुतली. कढईत टाकली, झाकण ठेवलं. अर्ध्या तासाने झाकण काढलं तर आत हिरवी खळ. सराटा उचलला की तार येत होता. चून करून जेवलो.

१२ जुलै, शुक्रवार

शाळा सुटल्यावर ताईंना भेंडीची गोष्ट सांगितली. हसून झाल्यावर त्यांनी हिशोब सांगितला: आधी धुवायची, मग फडक्याने एकेक पुसायची, मग चिरायची. भेंडीतला बुळबुळीत रस पाणी लागलं की फुगतो. तेल तापलेलं हवं, कढई पसरट हवी, झाकण नको, मीठ शेवटी. वाटल्यास आमचूर. आंबटाने तार तुटतो.

रात्री केली. कडा तांबूस झाल्या, तार आला नाही. सहा फोडी खाल्ल्या. आवडली का? नाही. पण घशाखाली उतरली, आणि ही माझ्या हातची पहिली भाजी.

ताईंना महिन्याला २,५०० रुपये मानधन मिळतं. शिकवण्याचा पगार मला मिळतो.

२१ जुलै, रविवार

गुरुपौर्णिमा. बांध्यांमध्ये रोवणं जोरात आहे. रोवणाऱ्या बाया परतताना बांधावरचा तरोटा ओटीत खुडून आणतात. ताईंनी एक ओंजळ पाठवली. कोवळी पानं उकळून, पिळून, कांदा-लसूण आणि हिरव्या मिरचीवर परतली. उग्र आहे, किंचित कडू, पण बुळबुळीत नाही. स्पर्शाचं भांडण नसलं की चवीशी तडजोड होते, हे आज कळलं.

ही आली होती. तिने कपाटातून 'रुचिरा' काढून दिली. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० चं. प्रमाण वाटी-चमच्यात दिलंय, म्हणून माझ्यासारख्यालाही धीर येतो. फक्त भाषा थोडी परकी. तिथे कोथिंबीर, आमच्याकडे सांभार. तिथे शेवगा, आमच्याकडे मुनगा. तिथे अळू, आमच्याकडे धोपा. पोषण आहाराच्या यादीतही 'मूग-शेवगा वरणभात' लिहिलंय. पोरांना मी तो 'मुनग्याचं वरण' म्हणून सांगितला तेव्हा कुठे त्यांनी ताटं पुढे केली. ओळखीच्या नावाने आलेला पदार्थ निम्मा खाल्ल्यासारखाच असतो.

१ ऑगस्ट, गुरुवार

रात्री वाचत बसलो होतो. अमेरिकेत लीॲन बर्च नावाच्या संशोधिकेने १९८० च्या दशकात लहान मुलांवर प्रयोग केले. अनोळखी पदार्थ पुन्हा पुन्हा चाखला की आवड हळूहळू वाढते. एक-दोनदा पुरत नाही, दहा-पंधरा वेळाही लागतात. नुसता पाहून मात्र चवीची आवड वाढत नाही, तोंडात घालावाच लागतो. माझ्यासारख्या घोड्यांसाठीही आशा आहे: पॅट्रिशिया प्लाइनर यांनी १९८२ मध्ये कॉलेजातल्या तरुणांना अनोळखी फळांचे रस कमी-जास्त वेळा, वीसदापर्यंत चाखायला दिले, तर जास्त वेळा चाखलेला रस जास्त आवडला.

म्हणजे नऊ वर्षं मी रोज भाजी पाहिली, ती हिशोबात धरायची नाही.

आज तिसरीतल्या त्या पोराशी करार केला. स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने दोन रकाने: एक त्याचा, एक माझा. वांगं असेल त्या दिवशी दोघांनी एकेक फोड चावायची. गिळायची सक्ती नाही. चावली की एक रेघ.

"थुकली तरी रेघ?"

"थुंकली तरी रेघ."

दोघांनीही थुंकली. दोन रेघा.

१८ ऑगस्ट, रविवार

धोप्याच्या वड्या. पानं चिरताना हात खाजले, खाताना घसा. ताईंना विचारलं तर पहिला प्रश्न, "चिच टाकली का?" टाकली नव्हती. धोप्याच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात. म्हणून बेसनात चिंचेचा कोळ घालायचा आणि पानं पूर्ण शिजवायची. लहानपणी एकदा घसा खाजला आणि मी धोपा कायमचा सोडला होता. आज कळलं, दोष धोप्याचा नव्हता, चिंच कमी पडली असेल.

बी.एस्सी.ला आम्हाला एक कागदाची पट्टी जिभेवर ठेवायला दिली होती. फिनाइलथायोकार्बामाइड. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं, की ही भुकटी काहींना जहर कडू लागते आणि काहींना काहीच लागत नाही. फरक जन्मजात असतो. मला ती इतकी कडू लागली की मी नळाकडे पळालो. शेजारचा मित्र पट्टी चघळत हसत होता. अशा जिभेला पत्ताकोबी आणि मुळाही जास्त कडू लागू शकतात. त्या दिवसापासून मी ती पट्टी पुरावा म्हणून वापरत आलो. पण वांग्याच्या सालीला ती लागू नाही, आणि कारलं तर साऱ्यांनाच कडू असतं. पुरावा एका गुन्ह्याचा, सुटका मात्र साऱ्या गुन्ह्यांतून, असं माझं चाललं होतं.

११ सप्टेंबर, बुधवार

पाऊस. बाजारातून भाजी आली नाही. ताईंनी स्वतःच्या कुंपणावरचं कोहळं आणलं आणि त्याचे पैसे घ्यायला तयार होईनात. मी हिशोबात लिहिल्याशिवाय सोडलं नाही.

चिरायला आज मीच बसलो. कोहळं कापणं म्हणजे कुस्ती आहे. पोरं खिडकीतून पाहत होती. मेथीदाण्याची फोडणी, लाल तिखट, अगदी थोडा गूळ. फोड मोडायच्या आधी गंज उतरवला, म्हणून ते जिभेवर विरघळलं नाही. मऊ भाजीचा मला जो राग होता, त्यातला बराचसा जास्त शिजवल्याचा राग होता.

सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या, मात्र जमल्या नाहीत. रस्त्याच्या कडेला मोहाच्या पानांवर मांडून विकतात, लोक तुटून पडतात. जाणत्या माणसाकडून घेतल्या, निगुतीने केल्या, एक घास घेतला आणि बाहेर जाऊन आलो. तो रकाना रिकामा राहू दे.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घट बसले. परसबागेतल्या वांग्यांना फळ धरलंय. रोपं पोरांनीच जुलैत लावली होती. करारातल्या पोराने पहिलं वांगं तोडून ताईंना नेऊन दिलं. मला वाटलं, स्वतः लावलेलं हा नक्की खाईल, पुस्तकातल्या गोष्टींत असंच होतं. त्याने फोड चावली, थोडा थांबला, बाहेर जाऊन थुंकून आला आणि रेघ ओढली.

त्याच्या नऊ रेघा, माझ्या नऊ. मी आज गिळली.

१० नोव्हेंबर, रविवार

आमच्या गावची मंडई. दिवाळी झाली की गावोगावी मंडई, रात्री दंडार नाहीतर नाटक, आणि घरोघर पाहुणे. नागपूरहून दादा-वहिनी आणि आई आले. ही म्हणाली, स्वयंपाक तुम्ही करा, मी पाहुण्यांजवळ बसते. घरात शांतता पसरली.

आलू-वांगं केलं. वांगी चिरून मिठाच्या पाण्यात ठेवली, म्हणजे काळी पडत नाहीत. तेलात आधी वांगी परतून साल आवळू दिली, मग मसाला, शेवटी अर्धवट उकडलेले आलू, वरून सांभार. पान वाढताना आईने सवयीने माझ्या ताटाशी चुनाची वाटी ठेवली. कधी टाकलं तिने ते, कळलंच नाही. मी वांग्याची फोड भाकरीत धरून खाल्ली. मग दुसरी.

आई बराच वेळ पाहत होती. वाटलं, आता डोळे पुसेल. ती म्हणाली, "मंग इतके वर्सं मी दोन-दोन भाज्या काऊन केल्या?"

याला उत्तर नव्हतं. चूनही सगळं खाल्लं.

१ डिसेंबर, रविवार

धान कापलेल्या बांध्यांत लाखोळी हिरवीगार झालीय. उभ्या धानात बी फेकतात, धान निघालं की उरल्या ओलीवर ती वाढते. तिची डाळ रोज पोटभर खाल्ली तर पाय लुळे पडतात म्हणून १९६१ मध्ये विक्रीवर बंदी आली. कोवळ्या शेंड्यांची भाजी मात्र इथे दर हिवाळ्यात होते. आज मी स्वतः खुडली. खुडताना बोटांना कळतं, कुठवर कोवळं आहे. ज्या भाजीला एकदा हात लावलाय तिची भीती तोंडाला कमी वाटते, एवढं या पाच महिन्यांत शिकलो. सांगून किंवा दटावून हे शिकवता येत नाही. मी नऊ वर्षं पंगतीत ओरडून पाहिलंय.

९ डिसेंबर, सोमवार

मसालेभात. चव नोंदवहीची जुनी पानं सहज उलटली. 'चव चांगली.' 'चव चांगली.' 'चव चांगली.' पानोपान माझं अक्षर, माझी सही. त्यातली फोड मी एकदाही तोंडात घातली नव्हती. मीठ कमी होतं का, वांगं कच्चं होतं का, पोरं काठावर काय लावत होती आणि कशासाठी, यातलं काही त्या वहीत नाही.

आज गंजाच्या मधोमध चमचा घातला. फोड वर आली. चावली. आत पांढरी, करकरीत. मग दुसरी पाहिली, तीही तशीच. त्या पोराचा रकाना सोळा रेघांवर थांबलाय आणि तो अजून थुंकतो. आज तो थुंकला असता तर बरोबरच होता.

वहीत लिहिलं: 'वांगी कच्ची. मीठ किंचित कमी. पुन्हा शिजवण्यास सांगितले.' खाली सही केली.

ताईंनी वाचून घेतलं, गंज पुन्हा चुलीवर चढवला आणि म्हणाल्या, "आज खाल्लं जी गुरुजीनं."

पोरांना जेवण पंधरा मिनिटं उशिरा मिळालं.