दुधाच्या थाळीवरील वलय

देशातील विज्ञानवृत्तांत एक बातमी वरचेवर परतून येते: अमुक ठिकाणी नवा जिवाणू सापडला, त्याचे विकर, म्हणजेच एन्झाइम, उद्योगाला उपयोगी पडणार. ठिकाण तेवढे बदलते. कधी राजस्थानातील सांभर सरोवर, कधी लडाखमधील पुगाचे उष्ण झरे, कधी बुलढाण्यातील लोणार. ‘पडणार’ हा भविष्यकाळ मात्र बहुधा तसाच राहतो.

चामड्याचा धंदा घ्यावा. कातडीवरील केस काढण्यासाठी कानपूर आणि तमिळनाडूतील टॅनऱ्यांत चुना व सोडियम सल्फाइड वापरण्याची रूढ पद्धत आहे. सल्फाइड केसांतील केराटिनचे गंधकबंध तोडते. केसांचा लगदा होऊन सांडपाण्यात जातो. त्यात पुढच्या टप्प्यातील आम्ल मिसळले की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. टाकी साफ करण्यासाठी उतरलेला कामगार या वायूमुळे काही क्षणांत कोसळू शकतो. पालार नदीच्या खोऱ्यातील टॅनऱ्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1996 मध्ये त्यावर निकाल झाला.

प्रोटीएज हे प्रथिने तोडणारे विकर केसाच्या मुळाभोवतीची प्रथिने सैल करते. केस अखंड सुटतो आणि सल्फाइडची गरज घटते. चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था अशा पद्धतींवर दीर्घकाळ काम करीत आली आहे. मग अडते कोठे?

अडचण पहिल्याच थाळीपासून सुरू होते. मातीतील जिवाणू दूध मिसळलेल्या अगारवर वाढवतात. ज्याच्याभोवती पारदर्शक वलय उमटते, तो प्रोटीएज स्रवणारा. पद्धत सोपी आणि स्वस्त आहे. परंतु वलय सांगते ते इतकेच, की दुधातील केसिन तुटले. टॅनरीला हवे असलेले विकर केसाचे मूळ सोडवणारे, चुन्याच्या तीव्र अल्कलीत टिकणारे आणि मुख्य म्हणजे कोलॅजनला हात न लावणारे असते. कोलॅजन म्हणजेच चामडे. ते पोखरले गेले की पृष्ठभाग खरबरीत होतो आणि माल नाकारला जातो. ही कसोटी थाळीवर होत नाही, खऱ्या कातडीवरच करावी लागते. अनेक शोधनिबंध तेथवर पोहोचतच नाहीत.

पुढचा अडथळा निव्वळ भौतिकीचा आहे. लांबी दसपट केली की पृष्ठभाग शंभरपट आणि घनफळ हजारपट होते. हलत्या चंबूतील जिवाणूंना हवा सहज मिळते, उष्णताही काचेतून निघून जाते. हजारो लिटरच्या किण्वन टाकीत हे दोन्ही प्रश्न उभे ठाकतात. एक लिटर पाण्यात जेमतेम 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. तो सतत पुरवत राहावा लागतो, आणि ढवळण्याच्या विजेचा खर्च विकराच्या किमतीत चढतो. शेजारच्या पिंपातील सल्फाइड अतिशय स्वस्त असते, ही गोष्ट टॅनरीमालक विसरत नाही. म्हणून पुष्कळदा नव्या जिवाणूचे जनुक काढून बॅसिलस सबटिलिससारख्या सरावाच्या जिवाणूत बसवतात. बातमीतला नायक असा मध्येच रजा घेतो!

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर केलेल्या बायोई3 धोरणात जैवउत्पादन केंद्रांची तरतूद आहे. तेथील टाक्या विद्यापीठातील पीएचडीच्या विद्यार्थ्यांना परवडणाऱ्या दरात मिळायला हव्यात, आणि चाचणीसाठी ओली, केसाळ, वास मारणारी कातडीही.