निरंक म्हणजे रिकामे नव्हे

जुन्या अभिलेखांच्या सफाईला महाराष्ट्राच्या प्रशासनात 'निंदणीकरण' म्हणतात. दिल्लीच्या कचेऱ्यांत त्यालाच 'छँटाई' हा शब्द आहे. मला आपला शब्द अधिक नेमका वाटतो. निंदणी करणाऱ्याला तण आणि रोप यांतला भेद कळावाच लागतो.

दिल्लीतील नेमणुकीत हे काम माझ्यापुढे आले ते डिस्कच्या रूपाने. एका नव्या प्रणालीस साठवणुकीची जागा हवी होती, आणि एआयएक्सवर चालणाऱ्या आमच्या जुन्या युनिक्स सर्व्हरवरील आठ डिस्क 'अनुपयोगी' असल्याने काढून घ्याव्यात, असा प्रस्ताव होता. पुरावा म्हणून 'एलएसपीव्ही' या आज्ञेचे उत्तर जोडले होते. कोणती डिस्क कोणत्या व्हॉल्यूम ग्रुपची, हे ती आज्ञा सांगते. आठही डिस्कसमोर 'नन' असे होते. आपल्या भाषेत, निरंक.

निरंक अहवाल आला की अनुभवी जिल्हाधिकारी प्रथम विचारतो, तपासून कळवले की नुसतेच कळवले? मीही तेच विचारले.

ओरॅकलची एएसएम व्यवस्था डिस्क थेट आपल्या ताब्यात घेते. तिच्यावर व्हॉल्यूम ग्रुप नसतो, फाइल सिस्टिम नसते, ती कोठे माउंटही होत नाही. त्यामुळे 'एलएसपीव्ही'ला ती बेवारस दिसते आणि 'डीएफ'च्या यादीत येतच नाही. तिचा आरंभीचा भाग वाचला तर मात्र एएसएमची खूण सापडते. आमच्या तरुण तांत्रिक अधिकाऱ्याने 'आयओस्टॅट' लावून हालचाल पाहिली. तीन डिस्क आठवडाभर निश्चल होत्या. या तरी द्याव्यात, असे त्याचे मत पडले. पण डेटाबेसला विचारता त्या तिन्ही एका न जोडलेल्या गटाच्या सदस्य निघाल्या. त्यांवर मागील वर्षांच्या निवृत्तिवेतनाच्या नोंदी होत्या आणि तो गट केवळ लेखापरीक्षणाच्या वेळी जोडला जाई. आठवडाभराच्या शांततेवरून वर्षाचा निर्णय करता येत नाही. त्या गेल्या असत्या, तर एखाद्या वृद्ध विधवेच्या थकबाकीच्या अर्जावर आम्ही 'अभिलेख उपलब्ध नाही' असे लिहिले असते, आणि ते खरेही ठरले असते.

१९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाच्या व्याख्येत संगणकाने निर्माण केलेली सामग्रीही येते, आणि विहित रीतीखेरीज अभिलेखाची विल्हेवाट लावता येत नाही. हे कलम अभिलेख कक्षात सर्वांना पाठ असते. सर्व्हर कक्षात क्वचितच कोणी उच्चारते.

उरलेल्या पाचांपैकी दोन चालू डेटाबेसच्या निघाल्या, एक क्लस्टरच्या दुसऱ्या नोडच्या उपयोगात होती. तेथे तिचे नाव निराळे होते. नोड बदलला की डिस्कचा क्रमांक बदलू शकतो, म्हणून ओळख नावावरून न करता साठवणूक यंत्रणेने दिलेल्या अनन्य क्रमांकावरूनच करावी लागते.

राहिल्या दोन. त्याही लगेच पुसू दिल्या नाहीत. 'आरएमडेव्ह'ने त्या केवळ बंद केल्या, नोंद तशीच ठेवली, म्हणजे कोणी ओरडले तर पुन्हा चालू करता याव्यात. महिनाअखेरची सर्व कामे पार पडली, कोणी ओरडले नाही, मग सोडल्या.

नव्या प्रणालीला मागितलेल्या जागेचा चौथा हिस्साच मिळाला. बाकीच्या खरेदीचा प्रस्ताव वित्त शाखेकडे गेला आणि 'उपलब्ध डिस्कचा विनियोग का झाला नाही?' या शेऱ्यासह परत आला. उत्तर दोन पाने झाले.