तुमचं ‘पित्त’ नेमकं कोणतं?

दवाखान्यात रोज ऐकू येणारं वाक्य : “डॉक्टर, मला पित्ताचा त्रास आहे.” यावरून मी काय समजावं? कुणाच्या छातीत जळजळतं. कुणाचं अर्धं डोकं ठणकतं आणि उलटी झाली की बरं वाटतं. कुणाच्या अंगावर खाजणाऱ्या गांधी उठतात, तर कुणाच्या पित्ताशयात खडे असतात. शब्द एक, आजार चार.

काही वर्षांपूर्वी एका बाईंना घशाच्या संसर्गासाठी मी अ‍ॅमॉक्सिसिलिन लिहून देत होतो. कॉम्प्युटरवर त्यांची जुनी नोंद होती, ‘पित्ताचा त्रास’. नोंद माझीच. म्हणून मी सोबत अ‍ॅसिडिटीची गोळीही जोडली. चिठ्ठी देताना सवयीने विचारलं, “कुठलं औषध चालत नाही असं काही?” त्या म्हणाल्या, “मागे सांगितलं होतं की तुम्हाला! पेनिसिलिनच्या इंजेक्शननंतर पित्त उठलं होतं, ओठही सुजले होते.”

मी चिठ्ठी परत घेतली. अशा रुग्णाला ते औषध जिवावर बेतू शकतं. त्यांनी सांगितलं होतं, मी लिहिलंही होतं, पण अर्थ वाटेत सांडला होता.

हे टाळण्यासाठी वैद्यकशास्त्राने आजारांना ठरावीक कोड दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या यादीत गांधी म्हणजे एल५०, अर्धशिशी म्हणजे जी४३ आणि पित्ताशयातले खडे म्हणजे के८०. डॉक्टर मराठी असो वा जपानी, कोड तोच. पण ही यादी मुख्यतः मोजणीसाठी आहे. कोणत्या आजाराचे किती रुग्ण, किती मृत्यू, हे त्यातून कळतं.

उपचारासाठी आणखी काही लागतं : नाती. ‘अ‍ॅमॉक्सिसिलिन हा पेनिसिलिनचाच एक प्रकार’ हे मला ठाऊक आहे, कॉम्प्युटरला कुणीतरी सांगावं लागतं. हे काम ‘स्नोमेड सीटी’सारखी प्रणाली करते. तिच्यात प्रत्येक संकल्पनेला एक क्रमांक, त्याखाली तिची सगळी नावं आणि इतर संकल्पनांशी असलेलं नातं नोंदलेलं असतं. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी अशा पद्धतीने नोंदली असेल आणि सॉफ्टवेअर ती नाती तपासत असेल, तर अ‍ॅमॉक्सिसिलिन लिहिताच ते डॉक्टरला थांबवू शकतं.

भारत २०१४ मध्ये या प्रणालीचा सदस्य झाला. त्यामुळे आपल्याकडे ती विनामूल्य वापरता येते आणि तिचं राष्ट्रीय केंद्र पुण्यातल्या सी-डॅकमध्ये आहे. तरीही बऱ्याच ठिकाणी आपापल्या याद्या चालतात. प्रत्येक यादी आपल्या घरात बरोबर असते. अडचण येते ती रुग्ण एका दवाखान्यातून दुसरीकडे जातो तेव्हा. तुमचा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक कागद एकत्र जोडू शकतो. पण कागदावरच्या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे एकच लागावा, यासाठी सामाईक कोश हवा.

मात्र कोड म्हणजे जादू नव्हे. त्या दिवशी मी ‘पित्त’ ऐकून अ‍ॅसिडिटीचा कोड निवडला असता, तर माझी चूक नीटनेटकी होऊन दहा ठिकाणी पोचली असती. कोडाच्या आधी ऐकणं येतं. आता कुणी ‘पित्त’ म्हटलं की मी विचारतो, “म्हणजे नेमकं काय होतं?”

तुम्हीही एवढं करा. आजाराचं नाव सांगण्याआधी त्रास सांगा : जळजळ कुठे, खाज कुठे, किती वेळ. औषध सोसलं नसेल तर त्याचं नाव आणि नेमकं काय झालं, हे एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. नाव शक्यतो मूळ औषधाचं लिहा, कारण एकच औषध अनेक ब्रँडनावांनी विकलं जातं. नवीन चिठ्ठी हातात पडण्यापूर्वी तो कागद दाखवा.

आणि डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी सांगा. त्या बाईंनी मला दुसऱ्यांदा सांगितलं, म्हणून निभावलं.