रकाना मोकळा ठेवू नये?

गेली वीस वर्षे आम्ही कचेरीत आलेले अर्ज तपासतो आणि रविवारी वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देतो. शिष्यवृत्तीचा असो की रेशनकार्डाचा, आमचे सांगणे एकच, "रकाना मोकळा ठेवू नका. मोकळ्या रकान्यापायी गरिबाचा अर्ज परत येतो." ही सवय आमच्याच घरावर कशी उलटली, ती हकीकत वाचक बंधू-भगिनींना सांगतो.

आमची मुलगी आयटीआयमधून ड्राफ्ट्समन झाली. घरांचे नकाशे काढते. काम मिळावे म्हणून तिने स्वतःची वेबसाइट तयार केली. त्यात नाव, शिक्षण आणि पाच-सहा नकाशे होते. आम्ही म्हणालो, "अगं, नकाशे छान आहेत, पण काम देणाऱ्याने तुला गाठायचे कसे?" संपर्काचा एक शब्दही तिने लिहिला नव्हता. दुकान थाटले, पण दारच ठेवले नाही, असे झाले होते.

मग तो मजकूर आम्हीच सांगितला. पूर्ण नाव, जन्मतारीख, चाळीचे नाव, खोली क्रमांक, पिनकोड, मोबाईल. एकही रकाना मोकळा नाही!

पहिल्या महिन्यात कामाचा फोन एकच आला. बाकीचे कर्ज घ्या म्हणणारे आणि रात्री अकरानंतर "नुसते बोलायचे आहे" म्हणणारे. एके दुपारी एक अनोळखी माणूस थेट दारात उभा राहिला. घरात आमची आई एकटी. मुलीचे नाव आणि जन्मतारीख सांगून तो म्हणाला, "बँकेतून आलोय, तिचे आधारकार्ड दाखवा." एवढे ठाऊक आहे म्हणजे माणूस खराच असणार, असे आईला वाटले. ती पेटी उघडायला उठली होती. तेवढ्यात शेजारच्या मावशी आल्या आणि तो निघून गेला.

संध्याकाळी मुलगी एवढेच म्हणाली, "पप्पा, हे सगळे आपणच त्याला दिले होते." त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही.

नातेवाईक म्हणाले, "पोरीची जात, कशाला हवी वेबसाइट? बंद करा." आम्हांला ते पटले नाही. चूक आमची, त्यासाठी तिचे काम का बंद व्हावे? दार काढायचे नाही, त्याला कडी लावायची, असे बाप-लेकीने ठरविले.

जन्मतारीख आणि घरचा पत्ता काढला. गावाचे नाव तेवढे ठेवले. कामासाठी वेगळे सिमकार्ड घेतले आणि फोनची वेळ लिहिली, सकाळी दहा ते सायंकाळी सहा. वेबसाइटवरचे ईमेल पत्ते गोळा करणारे प्रोग्राम असतात, म्हणून पत्ता उघडा न ठेवता निरोप लिहिण्याची चौकट ठेवली. निरोप तिच्या ईमेलवर येतो, पत्ता मात्र दिसत नाही. पण पुसले म्हणजे संपले असे नाही. कोणी आधीच उतरवून घेतले असेल, तर ते परत येत नाही. म्हणून विचार आधी करावा.

आणखी एक गोष्ट. दिलेला नंबर चालू ठेवावा लागतो. रिचार्जविना पडून राहिलेला नंबर कंपनी बंद करू शकते. बंद झाल्यावर 90 दिवस तो कोणाला देत नाहीत. पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. मग आपले गिऱ्हाईक भलत्याच माणसाशी बोलते! म्हणून मुलगी दर महिन्याला स्वतःच एक निरोप पाठवून पाहते, पोचतो की नाही. आणि कोणी पैशाला फसविलेच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवावे. हा नंबर आम्ही आईच्या खाटेजवळ भिंतीवर लिहून ठेवला आहे.

आता त्या चौकटीतून निरोप येतात. मागच्या महिन्यात दोन घरांचे नकाशे तिने पुरे केले.

कचेरीतला अर्ज कपाटात जातो. वेबसाइटवरचा मजकूर चव्हाट्यावर लागतो, हा फरक आम्हांला उशिरा कळला. रविवारी आम्ही अर्ज अजूनही भरतो. पण रकाना भरण्याआधी आता विचारतो, "हे वाचणार कोण?"