गोलाला तोंड नसतं

तारपा नाच रंगमंचावर न्यायचा म्हटलं की लोक पावलांची काळजी करतात. पावलं जमतात. खरी अडचण तोंडाची असते. आमच्या जव्हार तालुक्यातल्या साखरशेतकडे नाचाला उभं राहिलं की तारपा वाजवणारा तारपकरी मध्ये आणि आम्ही त्याच्याभोवती. तारप्याला पाठ दाखवायची नाही, हा एवढाच कडक नियम. बघणारे ओट्यावर, अंगणाच्या कडेला कुठंही बसतात आणि मन झालं की रांगेत घुसतात. सभागृहात मात्र सगळे बघणारे एकाच बाजूला, खुर्च्यांवर. तारप्याकडे तोंड केलं तर निम्म्या नाचणाऱ्यांच्या पाठी परीक्षकांसमोर, आणि परीक्षकांकडे केलं तर तारप्याला पाठ.

मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी आमच्या कॉलेजचा संघ बसत होता तेव्हा हा पेच पहिल्याच तालमीला आला. मॅडमनी फळ्यावर वारली चित्रातला तारपा काढून दाखवला: मध्ये तारपकरी आणि भोवती गुंडाळत गेलेली माणसं. डहाणूकडच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारख्यांच्या हातून हे चित्र जगभर गेलं. पण ते चित्र वरून पाहिलेलं आहे. नाच वरून दिसतो तो चित्रकाराला किंवा झाडावर चढलेल्या पोराला. पहिल्या रांगेतल्या परीक्षकाला दिसतात ती एकमेकांच्या आड येणारी डोकी.

दुसरी अडचण मोजण्याची. कॉलेजात नाच बसवतात तो आकड्यांवर, आठ मोजायचे आणि वळायचं. तारप्यात वळायचं कधी हे तारपकरी ठरवतो. तो फुंक मोडत नाही. गालात हवा धरून नाकानं श्वास घेतो आणि सूर चालूच ठेवतो. चाल बदलली की पुढचा घुंगुरकाठीवाला भुईवर काठी आपटतो आणि पावलं बदलतात. ती मागच्यांपर्यंत डोळ्यांनी पोचत नाहीत, कमरेतून पोचतात. प्रत्येकाचा हात शेजाऱ्याच्या कमरेमागून गेलेला असतो आणि शेजाऱ्याचं वजन कोणत्या पायावर गेलं ते हाताला आधी कळतं. आमचे तारपकरी बाबा तालमीला एकच वाक्य बोलायचे, “मोजू नको, आयक.”

तालमी पडल्या पावसात. आवणी उरकली की कॉलेजात महोत्सवाची गडबड सुरू होते. आमच्याकडची जुनी माणसं मात्र भात तयार झाल्याशिवाय तारपा बाहेर काढत नाहीत. त्यात देवाचा मान आहे, आणि वाद्याची सोयही असावी. सुकवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, आणि हे सारं सांधायला मेण. पावसाळी दमट हवेत असलं वाद्य बिघडायला वेळ लागत नाही. म्हणून बाबांनी तालमीत तारपा आणलाच नाही. चाली तोंडानं म्हणून दाखवल्या आणि आम्ही त्यांच्या तोंडावर नाचलो. त्याचा फायदा असा झाला की कान तयार झाले. तोंडाचा आवाज बारीक, त्यामुळे पायांचा धपधपाट आपोआप कमी ठेवावा लागला. पुढे लाकडी मंचावर हीच सवय कामी आली. माती पाऊल गिळते, फळ्या ते दुप्पट करून परत देतात. प्रत्यक्ष प्रयोगाच्या दिवशी बाबा घरी नारळ वाढवून, देवाला विचारून तारपा घेऊन आले.

विद्यापीठांच्या महोत्सवात लोकनृत्याला दहा नाचणारे, पाच साथीदार आणि दहा मिनिटं मिळतात. दहा मिनिटांवर लोक फार रडतात, कारण गावात हा नाच रात्रभर चालतो. मला ती अडचण वाटत नाही. अंग तापलेलं असलं की दहा मिनिटं पुरतात. आम्ही सभागृहामागच्या मोकळ्या जागेत आधी तासभर नाचून घेतलं आणि तसेच घामेजलेले आत गेलो.

दहा माणसांचा हिशेब मात्र नीट करावा लागतो. मी रांगेच्या शेपटाला असायचो. कमरेला कमर लावून दहाजण उभे राहिले की रांग सुमारे पाच मीटर होते. पुढचा काठीवाला जागच्या जागी अर्धा वळला, तर तेवढ्या वेळात शेवटच्याला पंधरा मीटरचा घेर कापायचा असतो. ठेका सगळ्यांचा एकच, म्हणून जास्त पावलं टाकता येत नाहीत; आहे तेच पाऊल लांब टाकावं लागतं. मधल्या प्रत्येकानं आपापल्या जागेप्रमाणे ते लांबवायचं. एकानं आळस केला की रांगेला पोक येतं आणि शेवटचा फेकला जातो. शिवाय एवढा घेर मंचावर मावत नाही, तेव्हा रांग सरळ न फिरवता आत गुंडाळायची. म्हणून माझं मत असं, की संघ निवडताना काठीवाला नंतर शोधावा, शेपटाचा गडी आधी.

आता तोंडाचा पेच. बरेच संघ शेवटी गोल उघडून प्रेक्षकांसमोर ओळीत उभे राहतात. छान दिसतं, टाळ्याही पडतात, पण मागे उरलेल्या तारप्याला सगळ्यांची पाठ. बाबांनी तोड काढली. ते म्हणाले, तुम्ही फिरू नका, मी सरकतो. काही चालींना ते मंचाच्या पुढच्या कडेला यायचे, प्रेक्षकांकडे स्वतःची पाठ करून. आम्ही त्यांच्यासमोर अर्धगोलात. तोंड तारप्याकडेच, आणि आपोआप परीक्षकांकडेही. चाल बदलली की ते मध्ये सरकायचे आणि गोल पुन्हा मिटायचा. कर्ण्याचं तोंड अशा वेळी आमच्याकडे, त्यामुळे आवाज प्रेक्षकांत पोचेना. मग एक माईक खाली, कर्ण्याच्या उंचीवर लावून घेतला. प्रेक्षकांना तुमची पाठच दिसेल, असं कुणीतरी म्हणालं, तर बाबा हसले. “मला बघाया कोण येतं? आयकाया येतात.”

जव्हार तालुक्यातल्याच वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा तारपकऱ्याचं तोंड पेपरांतून सगळीकडे छापून आलं. आनंद झाला. आमच्या भागातल्या कॉलेजांनी एवढ्यावर थांबू नये. अजूनही किती संघ पेनड्राइव्हवरच्या तारप्यावर नाचतात. रेकॉर्डिंगला नाचणाऱ्याचा दम दिसत नाही, ठरलेल्या सेकंदाला ते चाल बदलतं, आणि मग मोजण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पाच साथीदारांच्या जागा नियमातच आहेत. त्यातली पहिली तारपकऱ्याला द्यावी, आणि तो मंचावर कुठं उभा राहील हे त्यालाच विचारावं. बाकीचा नाच त्या उत्तरावरून बसवता येतो.